कुडकुली आणि खलाशी

यमकमास्तरांनी उभ्या जन्मात कुठल्या वर्गात खडू हातात धरला नाही. मास्तर ही पदवी त्यांना गोळ्यांच्या कारखान्यानं दिली, आणि तीसुद्धा निम्मी चेष्टेत. गोळीवर जो कागद गुंडाळतात ना, त्याच्या आतल्या बाजूचा मजकूर लिहायचा, एवढंच त्यांचं काम. चार बोटं कागद. वर कुठल्याशा खाऊचा शब्द, त्याखाली त्याचा अर्थ, मग तो शब्द आला कुठून, आणि तळाला दोन ओळींचं यमक. मोठ्या शेठचा असा समज होता की, असं काही लिहिलेलं असलं की पोरं कागद रस्त्यावर टाकणार नाहीत. पोरं टाकायचीच. पण वाचून टाकायची, हे कबूल केलं पाहिजे.

मी शेजारच्या छापखान्यात खिळे जुळवायचो. मास्तरांचा प्रत्येक कागद माझ्या बोटांखालून गेलेला आहे, त्यामुळे त्यांच्याविषयी बोलायचा मला हक्क आहे असं मी धरून चालतो. तोंडावर मी त्यांना अरेतुरे करतो. लिहिताना जरा मान देतो, कारण वाचणारे अनोळखी आहेत.

काम मात्र मास्तर जीव ओतून करायचे. 'बिस्किट' या शब्दाचा मूळ अर्थ दोनदा भाजलेलं, हे कळल्यावर ते दिवसभर पोरासारखे खूश होते. त्याखाली त्यांनी लिहिलं होतं:

एकदा भाजलं, पुन्हा भाजलं,
तरी चहाला पाहून लाजलं.

खांड म्हणजे साखर, मूळचा शब्द खंड, म्हणजे तुकडा. तोच शब्द देशोदेशी हिंडून 'कँडी' होऊन परत आला. त्यावर मास्तर:

तुकडा निघाला गावोगाव,
परत आला बदलून नाव.

हे चांगलं होतं. मी त्यांना कधी तसं सांगितलं नाही, कारण स्तुती केली की ते आणखी चार ऐकवत. खिशात चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. त्यांची बायको, देव तिचं भलं करो, शर्ट धुवायला टाकायच्या आधी खिसे अशी झाडायची की जणू आत विंचू आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं सांगतोय ती गोष्ट. कारखान्याचा सगळ्यात चालणारा माल म्हणजे कुडकुली. साखरेचा पाक करपायच्या किंचित आधी उतरवून, थंड करून, फोडलेली तांबूस चकती. ही कुडकुली ना शेठनी काढली, ना कुठल्या आचाऱ्यानं. ती काढली मास्तरांच्या थोरल्या बहिणीनं, ताईनं, वयाच्या आठव्या वर्षी.

यांचे वडील कारखान्यात पाकवाले होते. मोठमोठ्या कढयांपुढे उभं राहून साखर उकळायचे. एक दिवस आईनं घरी पातेल्यात पाक ठेवला आणि ताईला सांगितलं, लक्ष ठेव. ताई खिडकीत बसून मांजर बघत राहिली. पाक गेला. पातेल्याच्या तळाशी दगड. आईनं धपाटा घातला आणि पातेलं तिच्याच पुढ्यात आदळलं, घास म्हणाली. ताईनं ते बत्त्यानं फोडलं, एक कपरा तोंडात टाकला, दाढेखाली तो वाजला, आणि ती धाकट्या भावंडाला म्हणाली, "घे, कुडकुली."

धाकटं भावंड म्हणजे मास्तर. वय वर्षं दोन.

वडिलांनी उरलेले तुकडे डबीत घालून शेठकडे नेले. शेठनी विचारलं, "काय म्हणतात याला?" वडील म्हणाले, "कुडकुली." पण पोरीनं केली असं काही म्हणाले नाहीत. का, तर घरच्या पातेल्यातली साखर कारखान्यातलीच होती, आणि ती तिथवर चालत कशी गेली हे सांगावं लागलं असतं. सहा महिन्यांत कुडकुली दुकानादुकानात गेली. ताईच्या वाट्याला तो धपाटा.

पुढे ताई त्याच कारखान्यात गुंडाळणीच्या टेबलाशी लागली. लग्न केलं नाही. कुणी विचारलं नाही असं नाही. एकानं तर वर्षभर फाटकाशी उभं राहून विचारलं, पण ते मी दुसऱ्या कुणाला तरी सांगेन. तिची बोटं बघत राहावीत अशी चालायची. डाव्या हातात गोळी, उजव्या हातात कागद, दोन्ही टोकांना एकदम पीळ, आणि गोळी टोपलीत. डोळे भलतीकडे आणि तोंड चालूच.

त्या तोंडानंच घोटाळा झाला. जेवणाच्या सुट्टीत मास्तर आपलं नवीन यमक बायकांना वाचून दाखवत होते. वीसेक बायका. ताई डबा झाकता झाकता म्हणाली, "बारक्या, तुझं यमक म्हणजे तोकडी चादर आहे रे. डोकं झाकलं की पाय उघडे." सगळं टेबल हसलं. कोपऱ्यातली ऐकू न येणारी बाईसुद्धा, दुसऱ्या हसतायत म्हणून, हसली.

मास्तर त्या वेळी सदतीस वर्षांचे होते, पण तीन आठवडे बहिणीशी बोलले नाहीत. आणि नेमकं त्याच तीन आठवड्यांत कुडकुलीचा कागद काढायचं ठरलं. मी दुपारी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. यंत्र थांबलेलं, शाई वाळतेय.

"शब्द आला कुठून, ती ओळ राहिलीय," मी म्हणालो.

"ठाऊक आहे."

"मग लिही की. तुझ्या ताईनं—"

"तिचं नाव काढू नकोस."

"अरे बाबा, मग काहीतरी लिही! कोण विचारणार आहे?"

हे मी म्हणालो. लपवत नाही. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, पेन्सिल जिभेला लावली आणि लिहिलं: 'कुडकुली: दूरदेशीच्या खलाशांच्या बोलीत कुडकुल म्हणजे सोनेरी खडा. त्यावरून.' खाली:

दूरदेशीचा खलाशी आला,
सोनेरी खडा देऊन गेला.

"कुठला दूरदेश?" मी विचारलं.

"दूरचा," मास्तर म्हणाले.

संध्याकाळपर्यंत दहा हजार कागद छापून झाले. दुसऱ्या दिवसापासून ताईनं स्वतःच्या हातांनी ते खलाशी कुडकुलीवर गुंडाळायला सुरुवात केली. वाचलं तेव्हा ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. त्या हसण्यात भांडण मिटलं. मास्तरांनी "पुढच्या वेळी बदलतो" म्हटलं, ती म्हणाली, "राहू दे रे, खलाशी बरा दिसतो."

राहिला. मास्तरांना आत कुठंतरी टोचत असणार, कारण वर्षभरानं त्यांनी शेठना सांगून एक नियम करवला आणि स्वतःच्या अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावला: 'कोशात नाही ते कागदावर नाही.' आपण परत घसरू नये म्हणून. झालेली चूक सुधारायच्या आधी पुढच्या चुका बंद करून टाकल्या. माणूस दार लावून घेतो आणि किल्ली आत राहते, तसं.

एकतीस वर्षं गेली. मोठे शेठ गेले, धाकटे शेठ आले. कुडकुलीच्या डब्यावर खलाशाचं चित्र आलं, गोल टोपी आणि गालावर खळी. मास्तर निवृत्त झाले, पण कागद त्यांच्याचकडे राहिले. ताईचे पाय गेल्या थंडीत गेले, मग हृदयही कुरकुरायला लागलं. मास्तरांच्या वरच्या खोलीत खिडकीशी तिची खाट. तपासून खाली उतरताना डॉक्टर जिन्यात थांबले आणि मास्तरांना हळूच म्हणाले, "वर्षाचं बोलू नका. महिन्यांचं बोला."

मी रोज संध्याकाळी जायचो. ताईला गल्लीतल्या बातम्या लागायच्या आणि त्या माझ्याकडे असतात. एका संध्याकाळी खालच्या बिऱ्हाडातली पोरगी धडा पाठ करत होती, मोठ्यानं, एकेक शब्द ठोकत. खिडकीतून वर येत होतं: "कुडकुली हा शब्द आपल्या भाषेत खलाशांनी आणला."

मी हसलो. मास्तर हसले. ताई नाही हसली.

"शाळेच्या पुस्तकात गेलं?" ती म्हणाली.

"जातं गं असं," मास्तर म्हणाले.

"बारक्या, मी काय मागे ठेवून जाणार आहे, सांग बरं? घर तुझं. पोर नाही, बाळ नाही. एक शब्द केला होता आयुष्यात." ती बराच वेळ पांघरुणाच्या कडेला पीळ घालत होती, गोळीच्या कागदाला घालायची तसा. "धपाटा मला आणि शब्द खलाशाला. मी जायच्या आधी तेवढं बदल. छापलेलं बघायचंय मला."

"उद्याच बदलतो," मास्तर म्हणाले. इतकं सोपं वाटलं होतं त्यांना.

दुसऱ्या दिवशी धाकट्या शेठनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं.

"वा! फार सुंदर गोष्ट आहे," ते म्हणाले. "छापू की. कोशात आहे ना?"

"कोशात खलाशी आहे."

धाकट्या शेठनी बोट वर केलं. भिंतीवर पुठ्ठा होता. कडा पिवळ्या पडलेल्या, अक्षर मास्तरांचं. "नियम तुमचाच, मास्तर. लहानपणी बाबांनी मला याच्यापुढे उभं करून वाचायला लावला होता. म्हणाले, असा प्रामाणिक माणूस शोधून सापडणार नाही."

मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आणि डबा?" शेठ हळू आवाजात म्हणाले. "खलाशाला खाली उतरवून करपलेलं पातेलं लावू?"

म्हणून मग आम्ही कोशाच्या कचेरीत गेलो. आम्ही म्हणजे मास्तर आणि साक्षीदार म्हणून मी. लाकडी कपाटं, त्यांना शेकडो छोटे खण, प्रत्येक खणात शब्दांची पत्रं, एका शब्दाला एक जाड कागद. कोशवाल्या बाई चष्म्यावरून बघणाऱ्या, पण वागायला गोड. त्यांनी खण ओढला आणि पत्र काढून पुढे ठेवलं. त्यावर कुडकुलीचा एक कागद चिकटवलेला, पीळ पडलेल्या टोकांसकट. खाली लिहिलेलं: 'आधार: वरील.'

"हा मी लिहिलाय," मास्तर म्हणाले.

"हो का? आनंद झाला."

"पण हे खोटं आहे. मी रागाच्या भरात लिहिलं."

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे तेव्हा तुम्ही रागात होतात. आणि आज तुम्ही मायेत आहात. मी कुठलं खरं धरू?"

"अहो, मला ठाऊक आहे! मी तिथं होतो, ताईनं पहिला तुकडा मला दिला!"

"तुमचं वय काय होतं?"

मास्तर माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे.

"दोन," मास्तर म्हणाले.

बाई हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. "ताई येऊ शकतील?"

"तिला उठवत नाही. मी तिचं म्हणणं लिहून आणू?"

"आपला शब्द आपणच केला, असं दर महिन्याला कुणीतरी लिहून आणतं हो. त्या शेजारच्या खणात सगळे तेच आहेत." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि आपण?"

"मी त्या दिवशी हा कागद छापला," मी छाती काढून सांगितलं. "खोटं आहे हे मला तेव्हाच ठाऊक होतं."

"ठाऊक असून छापलंत?"

छाती जागच्या जागी गेली.

बाईंनी शेवटी मास्तरांपुढे पाण्याचा पेला सरकवला. "असं करा. कारखान्याला नवीन कागद छापायला सांगा. छापील आधार आला की मी स्वतः हे पत्र बदलते. शब्द देते."

"कारखाना म्हणतो, आधी कोशात येऊ दे."

"हा नियम कुणी केला?" बाईंनी विचारलं.

परत येताना मास्तर भर रस्त्यात एका दुकानाच्या पायरीवर बसले. पाय दुखत होते असं म्हणाले. दुकानात समोरच कुडकुलीचे डबे रचलेले होते, आणि तीस-चाळीस खलाशी खळी पाडून आमच्याकडे बघत होते.

महिनाभर मास्तर हेलपाटे घालत राहिले. शेठकडून बाईंकडे, बाईंकडून शेठकडे. दोघंही दर वेळी उठून उभे राहायचे, दोघंही चहा द्यायचे. कुणी एखादा खेकसला असता तर भांडता तरी आलं असतं. वर ताई दर संध्याकाळी विचारायची, "छापलं का रे?" आणि मास्तर म्हणायचे, "चाललंय." पुढे पुढे तिनं विचारणं बंद केलं, नुसती जिन्याकडे बघायची. ते त्यांना जास्त जड जायला लागलं.

मग एके दिवशी मास्तर जवळजवळ धावतच माझ्याकडे आले. "अरे, नियम अर्थाला आहे! यमकाला नाही! शेठ स्वतः म्हणाले, यमकात काय हवं ते लिहा, यमकाला कुठं कोश लागतो?"

खिसे उलटे करून त्यांनी चिठ्ठ्या काढल्या. अठ्ठावीस वेळा लिहून खोडलेलं होतं. शेवटचं असं:

पाक करपला ताईच्या हातून,
कुडकुली निघाली पातेल्यातून.

मी म्हणालो, "मास्तर, झकास!" एवढ्या वर्षांनी माझ्या तोंडून स्तुती गेली असेल. त्यांना ती ऐकायलाही वेळ नव्हता.

आठ दिवसांत नवीन कागद आले. ओल्या शाईच्या वासाचा पहिला कागद मास्तरांनी एका कुडकुलीवर स्वतः गुंडाळला. पीळ धड बसला नाही. वर नेऊन ताईच्या हातात ठेवला. तिनं आधी पीळ पाहिला आणि नाक मुरडलं. मग कागद सोडवला, चष्मा लावला, खिडकीकडे धरून सावकाश वाचला. वरपासून खालपर्यंत. परत वरपासून.

"वर खलाशी आहेच की," ती म्हणाली.

"ते अर्थाचं आहे गं. तिथं हात लावता येत नाही. खाली बघ, खाली तू आहेस."

"यमकात."

"हो!"

"यमकात काय रे, चहाला बघून बिस्किट लाजतंसुद्धा." तिनं कागद मांडीवर सपाट केला, अंगठ्यानं एकेक घडी मोडत. "लोक अर्थ खरा धरतात, बारक्या. यमक गंमत म्हणून म्हणतात."

मास्तर खाटेच्या कडेवर बसले. मी सांगायला हवी अशी एखादी बातमी शोधत होतो, आणि गल्लीत इतकं काही घडत असताना त्या दिवशी एकही आठवेना.

"बरं केलंस पण," ताई म्हणाली. "ठेव उशीपाशी."

कुडकुली तिनं खाल्ली नाही. दातच नव्हते.

त्यानंतर दोनेक आठवड्यांची गोष्ट. दुपार कलायला लागली होती, मी वर बसलो होतो, ताई डोळे मिटून पडली होती. खाली गल्लीत पोरी दोरीवरच्या उड्या मारत होत्या. दोरी फरशीवर आपटत होती आणि त्या तालावर काहीतरी चाललं होतं. मास्तरांनी मान वर केली.

"ऐक, ऐक!" ते मला म्हणाले. "आपलं आहे!"

खरंच होतं. *पाक करपला* — दोरी — *कुडकुली निघाली* — दोरी. मास्तरांचा चेहरा असा उजळला की मला बिस्किटाचा दिवस आठवला. "ताई, ऐकतेस का? पोरी म्हणतायत!" ताईनं डोळे उघडले. आम्ही तिला उशांवर टेकवून बसवलं, खिडकी पूर्ण उघडली. आणि मग नीट ऐकू आलं:

पाक करपला खलाशाच्या हातून,
कुडकुली निघाली पातेल्यातून!

मास्तर चपलाही न घालता खाली गेले. मी खिडकीतून पाहत होतो. अडुसष्ट वर्षांचा माणूस, अनवाणी, दोरीच्या मधोमध हात वर करून उभा.

"पोरींनो, ताईच्या! ताईच्या हातून!"

धडा पाठ करणारी ती खालच्या बिऱ्हाडातली पोरगी पुढे झाली. "आजोबा, कुठली ताई? वर खलाशी लिहिलंय, मग खाली ताई कशी येईल? ते चुकलंय. आम्ही बरोबर केलं." तिनं खिशातून कागद काढून त्यांच्या नाकासमोर धरला. "हे बघा, छापलंय."

"अगं, ते मीच लिहिलंय!"

"हो?" पोरगी आदरानं म्हणाली. "मग बरोबरच असणार."

मास्तरांनी खिसे चाचपले. चिठ्ठ्यांतून चार-पाच कुडकुल्या निघाल्या, त्या त्यांनी वाटल्या. "एकदा म्हणा. वर बघून म्हणा. ताईच्या."

पोरींनी वर बघून, खिडकीकडे हात हलवत, घसा ताणून म्हटलं, "ताईच्या हातून!" ताईनं हात जरासा उचलला. मास्तर खूश होऊन जिन्याकडे वळले. ते तिसऱ्या पायरीवर पोचले असतील नसतील, खाली दोरी परत आपटायला लागली आणि खलाशी परत आला.

मास्तर दाराशी येऊन उभे राहिले. धाप लागलेली, तळव्यांना धूळ. ताई खिडकीकडे तोंड करून तालावर बोटं हलवत होती. दोरीचे चार-पाच फेरे तिनं नीट ऐकून घेतले.

"बारक्या," ती म्हणाली, "खलाशानं जास्त चांगलं बसतं रे."

मास्तरांनी ओठातल्या ओठात एकदा ताई घालून म्हणून पाहिलं. मग एकदा खलाशी घालून. आणि खाटेखाली सरकलेल्या चपला पायानं शोधत राहिले.